पोटाच्या आरोग्याचं कुकबुक आणि आपलं बेळगावी स्वयंपाकघर : सारखे येणारे प्रश्न

गट-हेल्थची (गट म्हंजे आतडं) पुस्तकं आता बऱ्याच घरात आलीत, कुणाला पुण्या-बेंगळूरच्या लेकीनं पाठवलंय, कुणी ऑनलाइन मागवलंय, आणि मग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडनं तेच तेच प्रश्न येतात. ते इथं एका जागी आणलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर नंबर दिलाय, तिकडं बघा. घरात कुणाला किडनी, बीपी, शुगर, कॅन्सरची ट्रीटमेंट असं काही चालू असेल तर प्रश्न १७ आधी वाचा, मग बाकीचं.

१. ताई, गट-हेल्थ म्हणतात ते नेमकं काय? पचन चांगलं असणं म्हंजेच ना?

पचन हा त्यातला एक भाग. आपल्या मोठ्या आतड्यात लाखो कोटी जिवाणू राहतात. आपण खाल्लेली साखर, पीठ, तेल, प्रथिनं बहुतेक लहान आतड्यातच पचून जातात, पण फायबर म्हंजे चोथा आपल्याला पचत नाही, तो तसाच पुढं मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याच्यावर जगतात. चोथा आंबवून ते काही आम्लं तयार करतात, त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. म्हणून कुठलंही पुस्तक उघडा, दोनच कामं फिरून फिरून दिसतील, एक तर आत असलेल्या जिवाणूंना खायला घालायचं, नाहीतर आंबवलेल्या पदार्थातनं बाहेरचे जिवाणू आत पाठवायचे. हे एकदा डोक्यात बसलं की रेसिपीतलं नाव बघायचं नाही, तो पदार्थ तिथं कुठलं काम करायलाय ते बघायचं, आणि तेच काम करणारं आपल्या बाजारात काय आहे ते घ्यायचं. खालची सगळी उत्तरं याच हिशोबानं दिलीत.

२. पुस्तकातलं निम्मं सामान इथं मिळतच नाही. किन्वा, केल, चिया, मिसो, काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आणि लोक हजार-दीड हजाराचं सामान मागवतात, दोनदा वापरतात, मग बरणी कपाटात मागं जाते. तसं करू नका.

किन्वाच्या जागी राळे किंवा वरी घ्या, रविवार पेठेत धान्याच्या दुकानात विचारलं की मिळतात. सॅलडमध्ये दाणा सुटा पाहिजे असेल तर राळे बरे, आधी कोरडे भाजून मग शिजवायचे म्हंजे गिच्च होत नाहीत. केलच्या जागी मेथी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचा पाला, काहीही चालतं, पण पुंडी म्हंजे अंबाडी घेतली तर ती आंबट असते, त्या रेसिपीतला लिंबू काढून टाका. पांढऱ्या बीन्सच्या जागी पावटे किंवा चवळी. बेरीज लिहिलं असेल तर सीझन बघून जांभूळ, करवंदं, पेरू. मे महिन्यात खानापूरच्या जंगलातली करवंदं बाजारात येतात, ती सोडून फ्रोजन ब्लूबेरी कशाला.

चियाचं जरा वेगळं आहे. पुडिंगमध्ये चिया फुगून जेली होते म्हणून घातलेली असते, तिथं सब्जा चालतो. पण ओमेगा-३ साठी घातलेली असेल तर सब्ज्याच्या भरवशावर राहू नका, तिथं अगशी म्हंजे जवस घ्या, आणि ती भाजून कुटलेलीच, अख्खी अगशी बऱ्याचदा पोटातनं तशीच बाहेर पडते. आपल्या घरात अगशीची चटणी असतेच की, तीच दोन चमचे घाला.

मिसो म्हंजे आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी खारट लगदा, त्याला आपल्याकडं जोड नाही, हे सरळ मान्य करायचं. ताक, चिंच, आमसूल घालून मिसोची चव येत नाही. ज्या रेसिपीत मिसो मुख्य आहे ती सोडून द्या, जिथं चमचाभरच आहे तिथं न घालता करा, काही बिघडत नाही. ऑलिव्ह ऑइलच्या जागी घाण्याचं शेंगतेल वापरा. दोन्ही सारखी नाहीत, ऑलिव्हमध्ये काही वेगळे घटक असतात, पण त्या डब्यावाचून तुमचं पोट बिघडणार नाही.

३. कप, टेबलस्पून, ३५० डिग्री, हे माप आपल्या वाटीत कसं बसवायचं?

अमेरिकन पुस्तकातला कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियन असेल तर २५०. आपली आमटीची वाटी बहुतेक घरात १५० च्या आसपास असते, एकदा पाणी मोजून बघा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टेबलस्पून १५ मिली, पण ऑस्ट्रेलियन पुस्तकात २० असतो. ३५० डिग्री हे फॅरनहाइट, म्हंजे आपलं १७५ सेल्सिअस धरा. आंबवायच्या रेसिपीत मात्र वाटी-चमच्यावर जाऊ नका, मीठ वजनावरच (प्रश्न १०).

४. रोज किती फायबर लागतं? ज्वारीची भाकरी खातो आम्ही, पुरे ना?

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम धरा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम फायबर असतं, नाचणीत त्याहून थोडं जास्त, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ३ पेक्षा कमी. एका मध्यम भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ जातं म्हंजे भाकरीमागं ५-६ ग्रॅम आलं. दोन भाकऱ्या, एक वाटी हुलग्याची उसळ, एक पालेभाजी, एक पेरू, एवढ्यात आकडा जवळपास गाठतो.

अडचण कुठं होते सांगते. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, दुपारी भात-आमटी, रात्री परत भात, आणि भाकरी फक्त म्हाताऱ्या माणसांच्या ताटात, असं शहरातल्या बऱ्याच घरात झालंय. शहापूर-वडगावकडं काय आणि टिळकवाडीत काय, चित्र तेच. पुस्तकातली एकही रेसिपी न करता रात्रीच्या भाताच्या जागी भाकरी आणली तरी निम्मं काम झालं. चाळलेला कोंडा मात्र टाकू नका, तो परत पिठात घाला.

५. आठवड्याला ३० वेगवेगळ्या वनस्पती खायच्या असं लिहिलंय. शक्य आहे का हे?

हा आकडा अमेरिकन गट प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या अभ्यासातनं आलाय, २०१८ साली छापला गेला. आठवड्यात ३० च्या वर प्रकार खाणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू १० किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध निघाले. ३० म्हंजे काही दगडावरची रेघ नव्हे, २५ झाले तरी चालतंय. आणि यात धान्य, डाळी, तेलबिया, पालेभाज्या, फळं, सगळं धरायचं.

आपल्या ताटात डाव्या बाजूला बघा की. शेंगा चटणी, गुरेळ म्हंजे कारळ्याची चटणी, अगशीची चटणी, वर कच्चा कांदा, मेथीची नाहीतर मुळ्याची पानं, काकडी. भाकरीला हात लागायच्या आधीच सहा झाल्या. भाकरी, आमटी, भाजी धरली की एका जेवणात दहा. अडचण वेगळीच असते, आपण रोज त्याच दहा खातो. म्हणून डाळ बदलत राहा, तूर एक दिवस, मसूर एक दिवस, हुलगे, मटकी, मूग, चवळी. पुस्तकाचा खरा उपयोग मला इथं वाटतो, नवीन सामान दाखवण्यापेक्षा त्याच सामानाच्या नवीन जोड्या दाखवतं ते.

६. दोन दिवस पुस्तकातलं खाल्लं आणि पोट डमरूसारखं फुगायलंय. हे चांगलं आहे का वाईट?

एकदम जास्त झालं, एवढंच. जिवाणू चोथा आंबवतात तेव्हा गॅस होतोच, आणि पोटाला सवय नसेल तर जास्त होतो. पहिल्या आठवड्यात कडधान्य दोन-तीन चमचेच, पुढच्या आठवड्यात अर्धी वाटी, मग पूर्ण वाटी. पाणी वाढवा, फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर उलटा मलावरोध होतो.

कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, गॅस करणाऱ्या काही साखरा पाण्यात उतरतात. मोड आणले तर आणखी बरं. हुलगे तर मोड आणूनच घ्या, आणि शिजवताना हिंग, ओवा, आलं. कडधान्य नीट मऊ शिजलं पाहिजे, पाश्चात्य रेसिपीत 'थोडं कच्चं राहू द्या' असं असलं तरी आपण बोटानं चेपलं की पिठासारखं झालं पाहिजे असंच धरायचं. तीन-चार आठवडे हळूहळू वाढवूनही तसंच होत असेल तर प्रश्न १३ बघा.

७. थंडीत दही लागतच नाही, आणि पुस्तकात चोवीस तासाचं दही सांगितलंय. कसं करू?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वयंपाकघर गारठलेलं असतं, मुंबईच्या माणसाला सहा तासात लागणारं दही इथं बारा तासात पण पातळच. दूध उकळून, बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सहन होईल इतकं कोमट झालं की अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण घालून ढवळा. मग भांडं झाकून पिठाच्या डब्यात आत बसवा, नाहीतर कुकरमध्ये तळाला गरम पाणी घालून त्यात ठेवा आणि वर शाल गुंडाळा. म्हशीच्या दुधाचं जास्त घट्ट होतं. विरजणाला पाकिटातलं साधं दही चालतं, फ्लेवरवालं नको.

चोवीस तास ठेवल्यानं दुधातली साखर जास्त कमी होते, दूध सोसत नाही त्यांना ते बरं पडतं. बाकीच्यांनी एवढं आंबट करायची गरज नाही, आणि घरात कुणी खाल्लं नाही तर उपयोग काय त्याचा.

८. आंबोळी, इडली, कढी, आंबील, हे सगळं तापवतो. जिवाणू मरतात मग फायदा काय?

तव्यावर पडलं, उकळलं की जिवंत जिवाणू जातात, खरं आहे. पण आंबवताना जे झालेलं असतं ते राहतं, पीठ पचायला हलकं होतं, काही बी जीवनसत्त्वं वाढतात, लोह अंगी लागायला मदत होते. म्हणून आंबोळी चांगलीच, फक्त तिला प्रोबायोटिक, म्हंजे जिवंत चांगले जिवाणू देणारं, म्हणू नका.

जिवंत पाहिजे असेल तर दिवसात एक गोष्ट न तापवलेली ठेवा. ताक सगळ्यात सोपं. नाहीतर आंबील अशी करा : नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला की ढवळत ढवळत शिजवायचं, पळीवरनं सायीसारखं उतरेपर्यंत. मग खाली उतरून पूर्ण गार होऊ द्यायचं. घाई इथंच होते, गरम असतानाच ताक ओततात आणि ते फाटतं पण आणि त्यातले जिवाणू पण जातात. भांड्याला हात लावल्यावर गार लागलं की मगच ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. नाचणीनं फायबर दिलं, ताकानं जिवाणू दिले, दोन्ही कामं एका वाटीत झाली. यल्लम्माच्या आंबिलीपासून हे आपल्याकडं आहेच, फक्त ताक कधी घालायचं एवढं लक्षात ठेवा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला होता, त्यात दही, केफिर (दूध आंबवून केलेलं पातळ पेय), आंबवलेल्या भाज्या असं रोज खाणाऱ्या गटात दहा आठवड्यात जिवाणूंची विविधता वाढलेली दिसली. माणसं थोडी होती, त्यामुळं यावरनं मोठे दावे करू नयेत, पण दिशा चांगली आहे.

९. आत्ती म्हणतात आपलं कैरीचं लोणचं खा, तेच प्रोबायोटिक. बरोबर आहे का?

आत्तींचं लोणचं चवीला खावा, पण त्या कामाला नको. त्यात मीठ आणि तेल इतकं असतं की जिवाणू फारसे वाढत नाहीत, टिकतं ते त्यामुळंच. विनेगर घातलेलं बाजारचं लोणचं तर आंबवलेलं नसतंच, आंबट केलेलं असतं. दिवसाला सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या ताटात पापड, चटणी, लोणचं मिळून ते लगेच होतं. आत्तींना दुखवायची गरज नाही, फोड लहान घ्या. आंबवलेली भाजीच पाहिजे असेल तर पुढचा प्रश्न.

१०. कोबीचं सॉवरक्राउट घरात करता येतं का? इथल्या हवेत खराब होईल अशी भीती वाटते.

सॉवरक्राउट म्हंजे मिठात आंबवलेला कोबी. येतं की, आणि छान येतं, आपल्याकडं कोबीचा गड्डा ताजा आणि स्वस्त मिळतो. विकतची बाटली घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही, शिवाय दुकानातल्या बऱ्याच बाटल्या गरम करून बंद केलेल्या असतात.

वजनाचा काटा लागतोच. कोबी बारीक चिरून वजन करा, एक किलो असेल तर २० ग्रॅम मीठ, म्हंजे २ टक्के. एप्रिल-मे मध्ये २.५ टक्के केलं तर बरं. बाहेरचं एक मोठं पान अख्खं बाजूला काढून ठेवा. चिरलेल्या कोबीवर मीठ घालून हातानं चोळायला लागा, पहिली दोन-तीन मिनिटं काही होत नाही, कोबी कुरकुरीत उड्या मारत राहतो, मग हळूहळू मऊ पडतो, मुठीत दाबला की बोटातनं पाणी गळायला लागतं, दहा मिनिटात परातीत तळाला पाणी साठतं. तेच पाणी महत्त्वाचं. काचेच्या बरणीत मुठीनं दाबून दाबून भरा, वरनं परातीतलं तेच पाणी ओता, ते अख्खं पान घडी करून वर ठेवा आणि त्यावर लहान वाटी नाहीतर धुतलेला गुळगुळीत दगड. कोबी पाण्याखालीच राहिला पाहिजे, वर आलेला तुकडा खराब होतो. बरणी तीन चतुर्थांशच भरा, खाली ताटली ठेवा कारण पाणी उतू जातं, आणि झाकण रोज एकदा सैल करून हवा सोडा.

उन्हाळ्यात चार-पाच दिवसात आंबट होतं, थंडीत दहा-बारा लागतात, पावसाळ्यात मध्ये कुठंतरी. चव घेत राहा, आवडीइतकं आंबट झालं की फ्रिजमध्ये. गाजर, थोडं आलं, कुटलेली मोहरी घातली की भाकरीबरोबर फार चांगलं लागतं. सुरुवात एका चमच्यानं. आणि तापवू नका, फोडणी तर नकोच.

११. वर पांढरा थर आलाय. टाकून देऊ?

पातळ, सपाट, पांढरा, सुरकुत्या पडलेला थर असेल तर ते बहुतेक यीस्ट, काढून टाका आणि कोबी परत पाण्याखाली दाबा. केसाळ, हिरवं, काळं, गुलाबी काही दिसलं, किंवा आंबटऐवजी कुजका वास आला, तर सगळी बरणी टाका, वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका. जून-जुलैत आपल्याकडं पावसानं भिंतीसुद्धा ओल्या होतात, त्या दिवसात लहान बरणी करा आणि लवकर फ्रिजमध्ये घाला.

१२. शिळा भात पोटाला चांगला म्हणतात. रात्रीचा बाहेर ठेवलेला भात चालतो का?

शिजवलेला भात गार झाला की त्यातलं थोडं पीठ न पचणाऱ्या रूपात जातं, ते फायबरसारखं काम करतं, परत गरम केलं तरी बरंचसं टिकतं. बटाटा, रताळं यांचंही तसंच. पण वाढ थोडीच असते. शुगर असलेल्या माणसानं शिळा भात म्हणून दोन वाट्या खाल्ल्या तर शुगर वाढणारच.

आणि बाहेर ठेवलेला भात चालत नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात, कोमट भातात ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत तापवून पण जात नाही. ताटात पसरून लवकर गार करा, एक-दोन तासाच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तरी रात्री फ्रिजमध्येच. खानापूरकडचा लाल किंवा उकडा तांदूळ मिळाला तर तो घ्या.

१३. डॉक्टरांनी आयबीएस सांगितलंय, कांदा-लसूण बंद. पण पुस्तकात तर कांदा-लसूण भरपूर खा म्हणतात!

आयबीएस म्हंजे आतडं नाजूक होऊन सारख्या कळा, जुलाब नाहीतर मलावरोध होण्याचा त्रास. दोन्ही बरोबर, माणूस वेगळा आहे. कांदा-लसणात फ्रुक्टन असतं, ते जिवाणूंचं आवडतं खाणं, पण आयबीएस असलेल्यांना त्यानंच कळा येतात, पोट फुगतं. अशांसाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं लो-फॉडमॅप पद्धत तयार केलीय, फॉडमॅप म्हंजे फ्रुक्टनसारख्या, आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा. त्यात दोन ते सहा आठवडे असे पदार्थ बंद करतात, मग एक एक परत आणून कशानं त्रास होतो ते बघतात. कायमचं बंद ठेवायची ती पद्धत नाही, लोक इथंच थांबतात आणि वर्षभर बिचारे भात-ताकावर राहतात. आहारतज्ज्ञाला दाखवून करा.

स्वयंपाकात चवीसाठी एक सोय आहे. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, म्हणून लसूण तेलात तांबूस परतून पाकळ्या सगळ्या काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. ते तेल लगेच वापरायचं, लसूण घातलेलं तेल बाहेर बाटलीत साठवून ठेवणं धोक्याचं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नको. आणि आपल्या भागात एक गोष्ट हमखास विसरतात, ती कांदा-लसूण चटणी. आमटीत वेगळा लसूण घालत नाही म्हणतात आणि दोन चमचे तीच चटणी घालतात. साधं तिखट आणि हिंग वापरा. भाकरी ज्वारीची-नाचणीची चालते, गहू काहींना त्रास देतो.

१४. आम्ही जैन, कंदमुळं नाहीत, रात्रभर आंबवलेलं नाही. मग पुस्तक आमच्या काय कामाचं?

फायबरचा अर्धा भाग पूर्ण तुमच्या कामाचा. ज्वारी, नाचणी, हुलगे, मूग, भेंडी, दोडका, पेरू, तीळ, अगशी, यात सहसा नियम आड येत नाही. कच्च्या केळ्याची भाजी करा, त्यात न पचणारं पीठ भरपूर असतं. आंबवलेल्यात घरच्या नियमात बसेल तेवढं ताजं दही-ताक, बाकीचं सोडून द्या. पुस्तकात डाळीच्या सॅलडवर दह्याचं ड्रेसिंग फार असतं, द्विदल (डाळ-कडधान्याबरोबर कच्चं दही-ताक न खाणं) पाळत असाल तर तिथं लिंबू आणि कुटलेले तीळ वापरा. चातुर्मासात पालेभाजी बंद असते तेव्हा कडधान्य आणि फळभाज्या वाढवा.

१५. उपवासाला काय? एकादशीला दोन दिवस पोट गच्च होतं.

साबुदाण्यात फायबर जवळजवळ नसतं, वर तूप-बटाटा, मग गच्च होणारच. आपल्या बेळगाव तालुक्यात एवढी रताळी पिकतात, ती सालासकट उकडून खावा. वरी, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, केळी. साबुदाणा पाहिजेच असेल तर अर्धा साबुदाणा, अर्धं किसलेलं रताळं.

१६. रविवारी मटण असतं घरात. आणि पुस्तकात बोन ब्रॉथ रोज प्या लिहिलंय, म्हंजे आपला पांढरा रस्सा चालेल ना?

मटण बंद करायची गरज नाही, त्याच्याबरोबर काय आहे ते बघा. भाकरी, कांदा, मुळा, कोथिंबीर भरपूर असेल तर ठीक. बोन ब्रॉथ म्हंजे हाडं बराच वेळ उकळून काढलेलं पाणी, त्याबद्दल माझं स्पष्ट मत, त्याचं जरा जास्तच कौतुक झालंय. त्यात प्रथिनं असतात, आजाऱ्याला गरम गरम बरं वाटतं, पण फायबर शून्य, आणि जिवाणूंना फायबर पाहिजे. रस्सा आवडीनं प्या, औषध म्हणून नको.

१७. कुणी हे सगळं जपून करावं? डॉक्टरकडं कधी जायचं?

किडनीचा आजार असेल तर पालेभाज्या, कडधान्य, फळं वाढवायच्या आधी विचारा, पोटॅशियमचा प्रश्न असतो. बीपी असेल तर खारवलेल्या भाज्या मोजूनच. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल तर घरी आंबवलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता नको. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू-कमी करू नका. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर भाताच्या जागी भाकरी-कडधान्य आल्यावर आकडे बदलू शकतात, तपासत राहा. आंबवलेलं खाल्लं की डोकं धरतं, अंगावर पित्त उठतं अशी काही माणसं असतात, त्यांनी हट्ट धरू नये.

आणि शौचात रक्त, विनाकारण वजन कमी होणं, रात्री झोपेतनं उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणं, यातलं काही असेल तर पुस्तक बंद करून आधी तपासणी. 'गरम पडलंय' म्हणून ताक पीत महिने काढू नका.

१८. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हेच द्यायचं का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, पुस्तकात नैसर्गिक गोडवा म्हणून लिहिलेलं असलं तरी, आणि खारवलेल्या भाज्याही नकोत. थोड्या मोठ्या मुलांना नाचणीची आंबील, दही-भात, मऊ उसळ. घरी केलेला कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका, त्यात थोडा अल्कोहोल तयार होतो. म्हाताऱ्या माणसांना दात नसतात, तिथं कच्चं सॅलड पुढं करण्यापेक्षा भाकरी आमटीत कुस्करून, पालेभाजी मऊ शिजवून, हुलग्याचं माडगं. इसबगोल घेत असतील तर पेलाभर पाण्याबरोबरच, कमी पाण्यात ते घशात अडकू शकतं.

१९. म्हंजे कुंदा, करदंट असं गोड सगळं बंद?

नाही हो. लग्नकार्यात, पाहुण्यात कुंदा खावा, करदंटात तर डिंक आणि सुकामेवा असतो. रोजच्या चहातली साखर, बिस्किटं, खारी, फरसाण यांनी जास्त नुकसान होतं आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही.

२०. किती दिवसात फरक दिसतो? अँटिबायोटिकचा कोर्स झाला की कॅप्सूल घेऊ का दही पुरे?

खाणं बदललं की जिवाणूंत काही दिवसातच बदल सुरू होतो, पण जुन्यावर गेलात की तेही जुन्यावर जातात. शौच सुधारायला दोन-तीन आठवडे धरा, पोट फुगायचं थांबायला थोडे जास्त.

अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नका. प्रोबायोटिक कॅप्सूल सगळ्या सारख्या नसतात, कुठली आणि किती दिवस ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. दही-ताक रोजच्यासारखं खावा, फक्त डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा काही गोळ्या दूध-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी कमी लागतात, त्या गोळीच्या आगे-मागे दोन तास तरी दही-दूध नको, पाण्याबरोबर घ्या. नक्की किती अंतर पाहिजे ते औषध दुकानात विचारलं तर सांगतात. कोर्स संपल्यावर पहिला आठवडा ताक-भात, मऊ मूग, नाचणीची आंबील, आणि हुलगे-हरभरे त्याच्या पुढच्या आठवड्यात, प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या मापानं.